आयझॅकचे बंदर आणि दुसऱ्यांचे सोने

कॅनडाच्या पूर्व टोकाला अटलांटिक महासागरात घुसलेला नोव्हा स्कोशिया नावाचा एक लहान प्रांत आहे. त्याची राजधानी हॅलिफॅक्स. तिथून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर ईशान्येला किनाऱ्यात एक अरुंद खाडी शिरते. खाडीच्या पश्चिम काठावरच्या गावाचे नाव आयझॅक्स हार्बर, म्हणजे आयझॅकचे बंदर. समोर पूर्व काठावर गोल्डबरो, म्हणजे सरळ सोन्याचे गाव. हा पूर्व काठही आधी आयझॅकच्याच नावाने ओळखला जाई. सोने निघाले आणि नाव बदलले.

हा आयझॅक म्हणजे आयझॅक वेब. तो कृष्णवर्णीय होता आणि या खाडीवर अगदी सुरुवातीला येऊन राहिलेल्यांपैकी एक होता. सोन्याच्या इतिहासात खाणीचे मालक, भूगर्भशास्त्रज्ञ, किती औंस निघाले, कोणत्या साली कोणती गिरणी बसली, हे सगळे तपशिलाने सापडते. आयझॅक वेबच्या वाट्याला त्यात एक ओळ येते : गावाला याचे नाव आहे.

इतक्या लांबच्या, मूठभर वस्तीच्या गावाशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. आपल्या चळवळीने नावासाठी रक्त सांडलेले आहे आणि जमिनीसाठी तुरुंग भरलेले आहेत. नाव मिळाले आणि जमीन मिळाली नाही तर पुढे काय होते, हे पाहायला आयझॅकच्या बंदराइतके स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरे दिसत नाही.

पहिला प्रश्न असा की अटलांटिकच्या त्या थंड किनाऱ्यावर काळी माणसे पोहोचली कशी? पुष्कळांचा समज असा आहे की कॅनडा म्हणजे गुलामांना आसरा देणारा दयाळू देश. खरी हकीकत वेगळी आहे. १७७५ साली अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध बंड केले, तेव्हा व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरने, लॉर्ड डनमोरने, जाहीर केले की बंडखोरांचे जे गुलाम पळून येऊन आमच्या बाजूने लढतील ते मुक्त. १७७९ मध्ये सेनापती क्लिंटनने तेच आश्वासन आणखी विस्ताराने दिले. शब्द नीट वाचा : बंडखोरांचे गुलाम. इंग्रजांशी एकनिष्ठ असलेल्या गोऱ्यांचे गुलाम गुलामच राहणार होते. युद्ध संपल्यावर हे एकनिष्ठ गोरे आपले गुलाम घेऊनच नोव्हा स्कोशियात उतरले. म्हणजे एकाच जहाजताफ्यातून मुक्त काळेही आले आणि बांधलेले काळेही आले. मुक्ती हा तत्त्वाचा प्रश्न नव्हताच. शत्रूची मजुरी तोडण्याची ती युक्ती होती.

१७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना इंग्रजांनी बरोबर नेलेल्या काळ्या माणसांची एक वही केली. तिला ‘बुक ऑफ नीग्रोज’ म्हणतात. तिच्यात सुमारे ३,००० नावे आहेत. या लोकांना जमीन आणि शिधा देण्याचे वचन होते. जमीन काहींनाच मिळाली. जी मिळाली ती खडकाळ, आणि मिळाली तीही सगळ्या गोऱ्यांचे वाटप उरकल्यावर. पोट भरण्यासाठी काळे मजूर कमी मजुरीत काम करू लागले, तेव्हा १७८४ च्या जुलैत शेलबर्न गावात नोकरीतून सुटलेल्या गोऱ्या सैनिकांनी त्यांच्या घरांवर हल्ला केला आणि त्यांना हुसकावले. राज्याने वचन मोडायचे आणि त्याचा राग रस्त्यावरच्या गरीब गोऱ्याने आपल्याहून गरीब काळ्यावर काढायचा, हा खेळ आपल्या ओळखीचा आहे. १७९२ च्या जानेवारीत यांतले जवळपास १,२०० लोक पंधरा जहाजांतून आफ्रिकेला, सिएरा लिओनला, निघून गेले. त्यांच्या तक्रारी घेऊन लंडन गाठणारा थॉमस पीटर्स हा स्वतः पूर्वी गुलाम होता आणि इंग्रजांच्या फौजेत सार्जंट होता.

महार पलटणींचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १८१८ ला कोरेगावला लढवून घेतले आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद करून टाकली. कोकणातल्या महाडजवळच्या रावदळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला राहत होते. त्यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. साम्राज्याला शिपाई लागतो तेव्हा अस्पृश्यता आणि वर्ण दोन्ही दिसेनासे होतात. लढाई संपली की ती पुन्हा दिसू लागतात.

जे नोव्हा स्कोशियातच राहिले त्यांतले बरेच पूर्वेकडच्या गायझबरो जिल्ह्यात आले. आयझॅक्स हार्बर याच जिल्ह्यात आहे. १७८७ मध्ये शेजारच्या ट्रॅकडी इथे थॉमस ब्राउनस्प्रिग्ज आणि आणखी ७३ कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांना मिळून ३,००० एकर जमीन मंजूर झाली. म्हणजे घरटी चाळीस एकरांच्या आसपास. गोऱ्या कुटुंबांना यापेक्षा मोठे तुकडे मिळत. पुढे १८१२ च्या युद्धानंतर सुमारे २,००० काळे निर्वासित प्रांतात आले, तेव्हा तर प्रकार आणखी चलाखीचा झाला. हॅलिफॅक्सजवळच्या प्रेस्टनसारख्या वस्त्यांत त्यांना मालकीचा कागद न देता वहिवाटीचा परवाना दिला गेला. राहा, कसा, झाडे तोडा, घर बांधा. पण विकू नका, गहाण टाकू नका, आणि मुलांच्या नावावर करायला गेलात तर सरकारी दफ्तरात तुमचे नावच नाही.

आता या फरकाचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण सोन्याची गोष्ट इथूनच समजते. गोऱ्या शेजाऱ्याकडे कागद होता. तो कागद तारण ठेवून त्याला कर्ज मिळे, कर्जातून होडी घेता येई, दुकान टाकता येई. काळ्या शेजाऱ्याकडे तेवढीच जमीन असली तरी तारण ठेवायला काही नव्हते. दोन पिढ्यांत एकाच किनाऱ्यावर एक सावकार होतो आणि दुसरा त्याचा मजूर. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी एक कठोर गोष्ट दाखवून दिली होती : गुलाम ही मालकाची मालमत्ता असते, म्हणून तिला जगवण्यात मालकाचा स्वार्थ असतो. अस्पृश्य कुणाचीच मालमत्ता नसतो, म्हणून त्याच्या मरणाने कुणाचेच नुकसान होत नाही. नोव्हा स्कोशियातला मुक्त काळा माणूस नेमका या जागी येऊन उभा राहिला. त्याची किंमत संपली होती आणि हक्क सुरू झाले नव्हते.

अशा परिस्थितीत १८६० उजाडले.

नोव्हा स्कोशियातल्या सोन्याच्या शोधाचे श्रेय पुस्तकांत गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना दिलेले असते. पण मूसलँड इथे गारगोटीतले सोने दाखवायला जॉन पल्सिफर याला घेऊन गेला तो मिकमॅक आदिवासी वाटाड्या जो पॉल. मिकमॅक हे या भूमीचे मूळ रहिवासी. अठराव्या शतकात त्यांनी इंग्रजांशी मैत्रीचे करार केले, पण त्या करारांत आपली जमीन कधीच दिली नाही. तरीही सोने सापडताच ते राणीच्या मालकीचे ठरले. खडक आदिवासींचा, वाट आदिवासीने दाखवलेली, आणि परवाना देणार हॅलिफॅक्समधले खाते. गडचिरोलीत लोहखनिजाच्या टेकड्यांवर काय चालले आहे हे पाहणाऱ्यांना हा क्रम नवा नाही.

१८६१ मध्ये आयझॅक्स हार्बरला सोने सापडले. सुरुवातीच्या काही महिन्यांत अशी गर्दी कुठेही होते तशीच तिथे झाली : कोळी, शेतकरी, लाकूडतोडे, फावडे आणि घण घेऊन आलेले. पण हे सोने नदीच्या वाळूत चाळून मिळणारे नव्हते. ते गारगोटीच्या शिरांमध्ये, कठीण खडकात बसलेले. ते काढायला बोगदा लागतो, सुरुंगाची दारू लागते, पाणी उपसायचे पंप लागतात आणि खडक कुटायची गिरणी लागते. म्हणजेच भांडवल लागते. जमिनीच्या तुकड्याचा सरकारी परवाना काढायला आधी पैसे, मग यंत्राला पैसे. गर्दी ओसरली आणि कंपन्या आल्या. ज्याच्याकडे जमिनीचाच कागद नाही तो खाणीचा कागद कुठून आणणार?

गोल्डबरोच्या बाजूची सर्वांत मोठी खाण बोस्टन-रिचर्डसन. भांडवल कुठून आले हे तिच्या नावातच आहे. १८९३ पासून पुढच्या सुमारे दोन दशकांत या एका खाणीतून जवळपास ५५,००० औंस सोने निघाले. त्यासाठी चार लाख टनांहून जास्त खडक फोडला आणि कुटला गेला. साधा हिशेब केला तर हे सोने पावणेदोन टनांच्या आतच भरते, म्हणजे एका टन खडकामागे चार-साडेचार ग्रॅम. एक लहानशी अंगठी. ती अंगठी बाहेर गेली. उरलेला टन गावात राहिला.

या उरलेल्या टनाकडे इतिहासकारांनी फार काळ पाहिलेच नाही. खडक कुटण्याच्या गिरणीत लोखंडी मुसळांच्या रांगा असत. त्या वाफेवर किंवा पाण्याच्या जोरावर दिवसरात्र वरखाली होत. खडकाचे पीठ पाण्याबरोबर तांब्याच्या पत्र्यांवरून वाहत जाई. पत्र्यांना पारा फासलेला असे. सोन्याचे कण पाऱ्याला चिकटत. मग तो लगदा खरवडून भट्टीत तापवायचा. पारा वाफ होऊन जाई, खाली सोने उरे. या कामात वापरलेल्या पाऱ्यापैकी दहा ते पंचवीस टक्के पारा पिठाबरोबर वाहून जात असे. शिवाय इथल्या सोन्याच्या खडकात सोमल, म्हणजे आर्सेनिक, भरपूर आहे. खडक अखंड असतो तोवर सोमल आत बसून राहतो. त्याचे पीठ केले, हवा आणि पाणी लागले, की तो सुटतो. हे पीठ कुठे टाकायचे याचा कुठलाच नियम नव्हता. जवळच्या खोलगट जागेत, दलदलीत, ओढ्यात. ओढा समुद्राला मिळतो.

१९७६ साली हॅलिफॅक्सजवळच्या वेव्हर्ली या दुसऱ्या जुन्या खाणगावात विहिरीच्या पाण्यातून सोमलाची विषबाधा झाल्याचे उघडकीला आले, तेव्हा कुठे या ढिगांची चौकशी सुरू झाली. पुढे कॅनडाच्या सरकारी भूगर्भशास्त्रज्ञांनी प्रांतभरच्या जुन्या खाणींच्या गाळाचे नमुने तपासले. असा गाळ प्रांतात सुमारे तीस लाख टन पडलेला आहे. गोल्डबरोशेजारच्या सील हार्बरच्या खाडीत, जिथे लोक भरती ओसरल्यावर चिखलातून तिसऱ्या काढून खात, त्या तिसऱ्यांत सोमल इतका निघाला की त्या काढायला बंदी घालावी लागली. कोकणातल्या वाचकाला ओहोटीची ती वेळ आणि ती टोपली कळेल. गरिबाच्या ताटातले फुकटचे कालवण गेले, तेही खाण बंद पडून कित्येक दशके उलटल्यावर. २०१९ मध्ये प्रांत सरकारने दोन जुन्या खाणींच्या सफाईसाठी ४ कोटी ८० लाख डॉलर बाजूला काढले. खाणक्षेत्रे साठाहून अधिक आहेत. सोने काढणाऱ्या कंपन्या कधीच विसर्जित झाल्या, बिल आता जनतेच्या नावावर.

आमच्या तरुणांना सोन्याची खाण म्हटले की २०१८ च्या त्या चित्रपटातला केजीएफ आठवतो : एक देखणा नायक आणि मागे धुळीने माखलेला जमाव. त्या जमावाची जात कोणती होती? कोलारच्या खाणींत, १८८० च्या दशकापासून २००१ पर्यंत, जमिनीखाली तीन किलोमीटरपेक्षा खोल उतरलेले बहुसंख्य मजूर तमिळ दलित होते. वरचे साहेब इंग्रज. ब्राह्मण आणि सवर्ण कारकून जमिनीवर, दलित जमिनीखाली. हेच मजूर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंडित अयोथीदास यांच्या बौद्ध चळवळीत आले. बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या अर्धशतक आधी मारिकुप्पम आणि चॅम्पियन रीफ्स या खाणवस्त्यांत बौद्ध संघटनेच्या शाखा चालत होत्या. १९५४ मध्ये बाबासाहेब स्वतः कोलारला गेले. ही कहाणी पडद्यावर दलितांच्या बाजूने मांडायला पा. रंजित यांच्या २०२४ च्या ‘तंगलान’ची वाट पाहावी लागली. कोलारमधून आठशे टनांहून अधिक सोने निघाले. गावात उरले ते सायनाइडच्या गाळाचे पांढरट डोंगर, वारा सुटला की घराघरांत शिरणारी भुकटी, खाणकामगारांच्या फुप्फुसातली सिलिकॉसिस, आणि खाण बंद झाल्यावर ज्या खोल्यांत पिढ्या गेल्या त्या खोल्या तरी नावावर करा म्हणून चाललेली धडपड. गोल्डबरो आणि कोलार यांत हजारो मैलांचे अंतर आहे. दोन्हीकडे सोने वर गेले आणि गाळ खाली राहिला.

आता नावाकडे येऊ.

आयझॅक वेबचे नाव आजही नकाशावर आहे, रस्त्यावरच्या पाटीवर आहे. पण गायझबरो जिल्ह्यातल्या आजच्या कृष्णवर्णीय वस्त्या शोधायला गेलात तर त्या लिंकनव्हिल, सनीव्हिल, अपर बिग ट्रॅकडी अशा आतल्या बाजूला सापडतात. गोल्डबरोजवळ रेड हेड नावाच्या टोकाशी काळ्या कुटुंबांची जुनी वस्ती आणि दफनभूमी होती. अलीकडे त्या परिसरात नैसर्गिक वायूचे मोठे प्रकल्प आखले गेले, तेव्हा पर्यावरण अहवालांच्या पानांत तिचा उल्लेख पुन्हा आला. सोन्यानंतर वायू. १९९९ च्या अखेरीस समुद्रातला वायू गोल्डबरोच्या किनाऱ्यावर उतरू लागला, २०१८ च्या अखेरीस तो संपला. त्यानंतर द्रवरूप वायूच्या कारखान्याचा मोठा बेत होता, तो २०२१ मध्ये बारगळला. प्रत्येक वेळी रोजगार येणार, गाव बदलणार, हीच भाषा.

आणि लिंकनव्हिल? १९७४ साली या काळ्या वस्तीपासून एक किलोमीटरवर कचऱ्याचा डेपो आला. लोक लढत राहिले, आणि २००६ मध्ये त्याच जागी दुसरा, अधिक मोठ्या परिसराचा कचरा घेणारा डेपो आला. कॅनडातली काळ्या मुलांची शेवटची वेगळी शाळा याच लिंकनव्हिलमध्ये होती. ती बंद झाली १९८३ मध्ये. वाचकहो, १८८३ नव्हे. प्रांताच्या शाळा कायद्यातला वर्णाचा उल्लेख १९५४ लाच काढला होता, तरी प्रत्यक्षात आणखी २९ वर्षे गेली. कायद्यातून शब्द काढणे आणि वस्तीतून भिंत काढणे यांतले अंतर आपल्याला १९५० च्या घटनेपासून मोजता येते.

याच नोव्हा स्कोशियात १९४६ साली व्हायोला डेझमंड ही कृष्णवर्णीय उद्योजिका न्यू ग्लासगोच्या चित्रपटगृहात गोऱ्यांच्या जागेवरून उठली नाही, म्हणून तिला अटक झाली. खटला कशाचा? दोन तिकिटांमधल्या कराच्या फरकाचा, एका सेंटचा. २०१० मध्ये तिला मरणोत्तर माफी मिळाली आणि २०१८ पासून तिचे चित्र कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर आहे. त्याच १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली होती. बाबासाहेब नोटेवरचे चित्र मागत नव्हते. ते निवेदनाचा मसुदा मागत होते. पुढच्याच वर्षी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मांडले की महत्त्वाचे उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि जमीन जात-धर्म न पाहता कसायला दिली जावी. मालकीचा प्रश्न घटनेतच लिहून टाका, बहुमताच्या मर्जीवर सोडू नका, असा तो आग्रह होता. घटना समितीने तो मानला नाही.

आम्ही नामांतराच्या लढ्याला कमी लेखत नाही. २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावानंतर मराठवाड्यात जी घरे जळाली, जी माणसे मारली गेली, त्यांच्यामुळे १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार झाला. पण जळालेली घरे कुठली होती ते आठवा. विद्यापीठाचे नाव ज्यांनी कधी पाटीवर वाचले नव्हते, अशा खेड्यातल्या दलितांची. गावोगाव निमित्त नावाचे असले तरी खाली गायरानाचा वाद होता, मजुरीचा वाद होता, महारकी सोडल्याचा राग होता. सवर्ण शेतकऱ्याला औरंगाबादच्या कमानीवरच्या अक्षरांपेक्षा आपल्या बांधाला लागून कसणारा दलित जास्त खुपत होता. आज नामविस्तार दिन थाटात होतो, नेते येतात, फ्लेक्स लागतात. नाव देणे सत्तेला परवडते. आयझॅक्स हार्बरचे नाव कोणत्याच सरकारने पुसले नाही, कारण त्या नावापोटी कुणाला एक एकरही द्यावा लागत नव्हता.

जमिनीचे मात्र वेगळे असते. नोव्हा स्कोशियात वहिवाटीच्या परवान्यांचा घोळ सोडवायला १९६३ मध्ये कायदा झाला. कागदावर सोपे होते : पिढ्यान् पिढ्या राहता ना, मग अर्ज करा. पण मोजणीदाराचा खर्च, वकिलाचा खर्च, वारसांच्या सह्या, आणि सरकारी कार्यालयाची नवनवी मागणी. अर्धे शतक उलटले तरी लोक मालक झाले नाहीत. २०१७ मध्ये सरकारने लिंकनव्हिल आणि सनीव्हिलसह पाच कृष्णवर्णीय वस्त्यांसाठी खास पैसा दिला. तरीही एका अर्जदाराला खात्याने सांगितले की, सलग वीस वर्षे विरुद्ध ताबा सिद्ध करा. विरुद्ध ताबा म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घुसून बसलेल्या माणसाची कसोटी. ज्यांना त्याच सरकारने त्या जमिनीवर बसवले, त्यांनाच घुसखोराचा पुरावा मागितला. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी अवाजवी ठरवली, आणि ठरवताना प्रांतातल्या कृष्णवर्णीयांनी शतकानुशतके सोसलेला वंशद्वेषही विचारात घेतला.

हा निकाल आपल्या कार्यकर्त्यांनी वाचून ठेवावा, कारण महाराष्ट्रात नेमका हाच शब्द आपल्यावर फेकला जातो : अतिक्रमण. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि पुन्हा डिसेंबर १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली, पडीक आणि गायरान जमिनी लोकांनी कसायला घेतल्या. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायची होती. किती झाली, हे ज्याच्या त्याच्या गावातल्या सातबाऱ्यावर पाहा. २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढा म्हटले. त्याच निकालात भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींसाठी अपवाद ठेवलेला आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्रभर नोटिसा निघाल्या तेव्हा धनदांडग्यांचे बंगले आणि तीस वर्षे ज्वारी पेरणाऱ्या मांगाचे एक एकर हे एकाच यादीत आले. अपवादाची ओळ वाचायला तलाठ्याला कुणी सांगितले नाही.

ती आपण वाचायची आहे, आणि तिच्यासोबत कागद लावायचा आहे. १९९० पूर्वीची दंडाची पावती असेल तर ती सर्वांत मोलाची, कारण दंड भरून घेणाऱ्या तहसीलनेच त्या दिवशी तुमचा ताबा मान्य केलेला असतो. अतिक्रमण नोंदवही म्हणजे गाव नमुना १-ई ची नक्कल, पीकपाहणीची नोंद, पंचनामा, सत्याग्रहात अटक झाल्याचा तुरुंगाचा दाखला, विहिरीच्या किंवा बियाण्याच्या सरकारी मदतीचे कागद. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांची प्रतिज्ञापत्रे करून घ्यावीत आणि त्यांत शेताच्या चतुःसीमा नावानिशी लिहाव्यात.

गोल्डबरोच्या बाजूला आता पुन्हा सोन्याची तयारी चालू आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या उघड्या खाणींना पर्यावरण मंजुरी मिळाली. कंपनीच्या आराखड्यात अकरा वर्षांत दहा लाख औंसांहून अधिक सोने आहे, म्हणजे बोस्टन-रिचर्डसनने काढले त्याच्या सुमारे वीसपट. आणि जून २०२४ मध्ये, लिंकनव्हिलसारख्या वस्त्यांनी केलेल्या लढ्यानंतर, कॅनडाच्या संसदेने पर्यावरणातल्या वंशद्वेषाविरुद्ध राष्ट्रीय धोरण आखण्याचा कायदा केला. विषारी ढीग कोणाच्या वस्तीजवळ टाकले गेले, याची माहिती गोळा करून तपासणे हा त्या धोरणाचा भाग आहे.